जिन्याखालचं जेवण

भरे, ११ जुलै २०२०

सिद्धूदादा,

दयानंदच्या दूधगाडीतून ही चिठ्ठी पाठवतेय. तो म्हणाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाटकावर ठेव, मी काठीनं उचलतो. चार वर्षं ज्याच्या गाडीतलं दूध पिते, तो माझी चिठ्ठी काठीनं उचलणार. असू दे, गाडी तरी चालू ठेवलीय बिचाऱ्यानं. फोन करावा तर तू रेंज शोधत टेकाडावर चढेपर्यंत माझी ड्यूटी लागते, आणि आईला फोनवर काही ऐकूच येत नाही. म्हणून लिहितेय. तू वाच आणि तिला मोठ्यानं ऐकव.

माझी काळजी करू नका, मी ठणठणीत आहे. खोलीवाल्या काकूंनी "आठ दिवस तिकडंच राहा, सोनिया" म्हणून सांगितलं त्याला आता दोन महिने झाले. बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. त्यामुळं आम्ही चोवीस जण आता हॉस्पिटलातच राहतोय. मी कोरोना वॉर्डात आहे. तोंडापासून पायापर्यंत किट घालायचं, सहा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही, बाहेर आलं की केसांवरून आंघोळ. आरशात बघितलं तर मला मीच ओळखू येत नाही, विषाणूला कुठली येणार.

या आठवड्यात दोघांना लागण झालीय आमच्यातल्या, पण बरे आहेत. धसका मात्र सगळ्यांनी त्याच्या बराच आधी घेतला होता. जो तो आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसायचा आणि रडायचा. मला ते बघवेना. मग मी कपड्यांच्या खोलीतल्या चादरी एका बाजूला सारल्या आणि सरळ पंगत घातली. दुपारी एक वाजता सगळ्यांनी मांडीला मांडी लावून बसायचं, डबे मध्ये ओतायचे. त्या खोलीची खिडकी कोरोना वॉर्डाच्या व्हरांड्यात उघडते, म्हणून मी तिला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून टाकली. दोन थर. मुंगी आत येणार नाही.

आणि आणखी एक केलं. आमच्याकडं कृष्णाबाई म्हणून सफाईच्या मावशी आहेत, पलीकडच्या डोंगरातल्या वाडीच्या. चार वर्षं त्या जिन्याखाली एकट्या जेवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी बोलावलंही नव्हतं. मी त्यांचा हात धरून आणलं आणि पहिल्या पंगतीला मधोमध बसवलं. आम्ही वॉर्डातल्या आंघोळी करून दुसऱ्या पंगतीला जेवतो. पहिल्या दिवशी त्यांना घास गिळेना. आता सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसतात.

आईला म्हणावं कारळ्याची चटणी पाठव. चांगली डबाभर. पंगत मोठी आहे.

तुझी,
सोनी


वस्ती, १५ जुलै

सोने,

तुजी चिठ्ठी दोन रोज उन्हात ठिवून मग वाचली. ऊन कुटलं, चुलीपाशी ठिवली. आईनं ऐकली. तिनं चटनी दिली हाय, संगं वीस भाकरी. मी थापल्यात म्हनून जाड हायेत, नावं ठिवू नको.

आता माजं ऐक. तू त्या वार्डातून निघ. डाक्टरला सांग का माजी आई म्हातारी हाय, मला दुसरीकडं टाका. न्हाई ऐकलं तर सरळ घरी ये. नोकऱ्या छप्पन मिळतील. मढ्याच्या उशाला बसून मानूस किती दीस वाचंल. तू लई हुशार हायेस, पन रोगाला हुशारी कळत न्हाई.

आईचा निरोप: पंगत घातलीस ते बरं केलंस, पन त्या सफाईवालीला ताट येगळं दे. ती दिसभर घान उचलती, तिच्या हातानं काय येईल सांगता येत न्हाई. मी म्हनलं आई, सोनी तुला उलटं लिवंल. आई म्हनती लिवूं दे.

हितं पाऊस धरून हाय. शेरडं आन् मेंढरं वाड्यातच कोंडलीत. वारं लई झोंबतंय म्हनून मी चारी बाजूनं ताडपत्री बांदली. आत कसं ऊबदार झालंय, मलाच जाऊन झोपू वाटतंय.

सिद्धनाथ


भरे, २१ जुलै

दादा,

भाकरी जाड नव्हत्या, फरश्या होत्या. तरी एक उरली नाही. चटणीचा डबा पुसून मिळाला.

आईला सांग, उलटं लिहितेय. कृष्णाबाई दिवसात वीस वेळा साबणानं हात धुतात. मी नर्स असून इतक्या वेळा धूत नाही. वेगळं ताट मी देणार नाही. द्यायचं तर मला दे.

वॉर्ड मी सोडणार नाही, आणि आता कारण ऐक. आधीचे दोघं धरून आमच्यातले सहा जण आजारी पडलेत, पण त्यात कोरोना वॉर्डातलं एकही माणूस नाही. लॅबमधला रोहित पडला, ऑफिसातले नरहरीकाका पडले, ते तर कागदाशिवाय कशाला शिवत नाहीत. ॲम्ब्युलन्सचा सुरज पडला. आम्ही वॉर्डातल्या पाच जणी दिवसरात्र पेशंटच्या उशाशी, आणि आम्हाला साधी शिंक नाही. मग सांग, वॉर्डातून निघून मी कुठं जाऊ?

पण लोकांना ते दिसत नाही. आमच्याच किटवरून रोग बाहेर येतो म्हणतात. आम्ही जिन्यानं उतरलो की माणसं भिंतीला चिकटतात. इन्चार्ज शीतल सिस्टरांनी तर काल नवीनच काढलं, की कृष्णाबाई सुट्टीला वाडीवर जाऊन आल्या आणि तिकडनं घेऊन आल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. वाडीवर त्या जूनपासून गेलेल्याच नाहीत. मी तिथल्या तिथं सुनावलं. आता सिस्टर माझ्याशी कामापुरतं बोलतात, ते बरंच झालं.

मोठ्या डॉक्टर मेधा मॅडमनी सगळ्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं. चोवीस माणसांतली नऊ पडली तर हॉस्पिटल चालवता येणार नाही, पेशंट पुण्याला पाठवावे लागतील. पुण्यात खाट मिळत नाही हे इथं पोराटोरांना माहीत आहे. इथं तीस पेशंट आहेत, दादा. त्यातल्या अकरा जणांचा ऑक्सिजन चालू आहे. ते ॲम्ब्युलन्समध्ये बसून खाट शोधत फिरणार का?

म्हणून सध्या पंगतच आम्हाला सांभाळतेय. मी कुणाला चुकवू देत नाही.

सोनी


वस्ती, २५ जुलै

सोने,

फरश्या म्हनलीस ते आईला वाचून दाखवलं न्हाई. पुढच्या टायमाला भाकरी तूच येऊन थाप.

तुजं डोकं फिरलंय का. सहा मानसं आजारी आन् तू पंगती उठवतीस. सिस्टर म्हनती ते खोटं कशावरनं? आपल्यात एक जनावर खोकायला लागलं का आपन आदी त्याला बाजूला काढतो. ती बाई असंल न्हाईतर दुसरं कोन असंल, त्याला काढा. लाज कसली त्यात.

माजंच घे. मागल्या खेपेला ताडपत्रीचं लई कौतुक लिवलं हुतं. चार रोजात अर्दी शेरडं खोकायला लागली, नाकातनं शेंबूड. दोन करडं गेली. मी म्हनलं बाहेरनं कायतरी आलं, म्हनून ताडपत्री आनखी घट्ट बांदली. तर जास्तीच. शेवटाला आई हातात इळा घेऊन आली, तिनं वाऱ्याकडची ताडपत्री ऱ्हाऊ दिली आन् उतरनीकडची टराटरा फाडली. म्हनली, आत नाक घालून बघ, ह्यांचाच वास ह्यांना कोंडतोय. खरंच, डोळं चुरचुरत हुतं. मग निम्मी शेरडं मी पडवीत बांदली, निम्मी तितंच. गारठ्यानं मरतील असं वाटलं हुतं. चार रोज झालं, नवं एकबी खोकलं न्हाई. मेंढरू रानात चरताना आजारी पडत न्हाई, कोंडलं का पडतंय, असं आई आता येनाऱ्या जानाऱ्याला सांगत बसलीय. मला तोंड उघडायची सोय न्हाई.

तर ते जाऊ दे. तू घरी कवा येतीस ते लिव.

सिद्धनाथ


भरे, ३० जुलै

दादा,

ही चिठ्ठी आईला वाचून दाखवू नकोस.

तुझं पत्र रविवारी मिळालं. आईनं ताडपत्री फाडली तिथपर्यंत वाचून मी हसत होते. मग हसू थांबलं. पत्र हातात घेऊनच कपड्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. पहिली पंगत बसलेली. दहा माणसं, गुडघ्याला गुडघा, तोंडावरचे मास्क सगळ्यांचे हनुवटीला, मोठमोठ्यानं गप्पा. खोली एवढीशी. दार लावलेलं असतं, कारण वॉर्डाची भीती. आणि खिडकीला माझी चिकटपट्टी, दोन थर.

आजारी पडलेली सगळी माणसं पहिल्या पंगतीतली आहेत. सहाच्या सहा. आम्ही वॉर्डातल्या दुसऱ्या पंगतीला जेवतो, तेव्हा पाचच जणी, आणि आंघोळ करून उकडत असतं म्हणून दार सताड उघडं ठेवतो. म्हणून आम्ही वाचलो. किट घालून वाचलो ते वेगळंच. जिथं भीती नव्हती तिथं मी दार बंद करून माणसं कोंडली होती.

आता खरं लिहिते. मला हे रविवारी कळलं आणि मी मंगळवारपर्यंत कुणाला बोलले नाही.

लाज वाटली म्हणून नाही. म्हणजे तीही वाटली. पण खरं कारण कृष्णाबाई. पंगत मोडली की सगळ्यात आधी कोण उठणार ते मला ठाऊक होतं. नर्सा नर्सांत बसतील, ऑफिसवाले ऑफिसात, आणि त्या परत जिन्याखाली. मी मनाशी म्हटलं, शेरडांचं माणसांना कशाला लावायचं, दोन दिवस बघू. नुसतं दार उघडं ठेवायला लागले. कुणीतरी उठून परत लावायचं.

मंगळवारी सकाळी कृष्णाबाई फरशी पुसता पुसता खाली बसल्या. ऑक्सिजन शहाऐंशी. त्या सात नंबरच्या खाटेवर आहेत, आणि त्यांची नर्स मीच आहे. आजारी आठ झाले, कारण त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या प्रियाचाही ताप निघाला. आता एक माणूस पडलं की हॉस्पिटल बंद.

मी तशीच मेधा मॅडमकडं गेले आणि सगळं सांगितलं. पंगत माझी, चिकटपट्टी माझी, दोन दिवस गप्प बसले तेही माझंच. तुझं पत्रही दाखवलं. शेरडांचं वाचून हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. उठून कपड्यांच्या खोलीत आल्या आणि स्वतःच्या नखांनी पट्टी ओढायला लागल्या. निघेना, मी चांगलीच चिकटवली होती. तेव्हा म्हणाल्या, "वॉर्डाला आपण घाबरलो, म्हणून तिथं वाचलो. एकमेकांना घाबरायचं राहून गेलं."

मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कृष्णाबाईंना अजून सांगितलेलं नाही. बोलताना त्यांना धाप लागते. मी त्यांना मानानं पहिल्या पंगतीला बसवलं होतं, दादा. जिन्याखाली राहिल्या असत्या तर आज फरशी पुसत असत्या.

सोनी


वस्ती, ३ ऑगस्ट

सोने,

आईला वाचू नको म्हनलीस, म्हंजे वाचायलाच पायजे हुतं. वाचली. सगळं झाल्यावर म्हनली, ताट येगळं द्यायचं मी बोलले हुते ते त्या बाईला कळलं न्हाई ना? मी म्हनलं न्हाई. तरी ती उठून गोठ्यात जाऊन बसली. दयानंदकडं शेळीच्या दुदाची किटली दिलीय, ती कृष्णाबाईची हाय. तापवूनच दे.

दोष एकटी घिऊ नको. वीस भाकरी मी थापल्या, चटनी आईनं कुटली, ती बी त्याच पंगतीत गेली. आन् मीबी तुज्यापासनं लपवलं. तुला घरी ये, घरी ये म्हनत हुतो, पन वस्तीतली चार मानसं आदीच येऊन सांगून गेली हुती का सोनीला हितं पाय ठिवू देनार न्हाई. मी त्यांच्याशी भांडलो. भांडून परत आलो आन् तुला "ये" म्हनून लिवलं. तू आली असतीस तर तुला शेरडांच्या वाड्यात ठिवनार हुतो, दुसरी जागा नव्हती. तवा वाड्याला ताडपत्री हुती. इचार कर.

आता ये म्हननार न्हाई. कळपात रोग आला म्हनून धनगर कळप टाकून जात न्हाई. तू चुकलीस ते तुजं तूच बोललीस, पट्टी निघाली. आता पुढचं बघ.

एकच इचारतो. ती बाई बरी हून आली का कुटं बसनार? ते आदी ठरव. बरी झाल्यावर ठरवायला बसशील तर दुसरं कोनतरी ठरवून मोकळं झालेलं असंल.

तुजा दादा,
सिद्धनाथ


भरे, २७ ऑगस्ट

दादा,

चार आठवडे लिहिलं नाही, कारण हात रिकामा नव्हता. आता निवांत लिहिते, आणि हे आईला दोनदा वाचून दाखव.

हॉस्पिटल चालू आहे. नववं माणूस पडलं नाही. चार आठवड्यांत आमच्यातलं एकही नवीन नाही. रोहित परत कामावर आला, माझ्याशी बोलत नव्हता, परवा मीठ मागितलं त्यानं. नरहरीकाका पुढच्या सोमवारी येतील. तीस पेशंटमधले बावीस घरी गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. दोन गेले, त्यांचं मी लिहू शकत नाही.

आता जेवणाचं ऐक. मेधा मॅडमनी कपड्यांच्या खोलीला कुलूप लावलं आणि मागं गाड्या लावायची जी पत्र्याची शेड आहे, भिंती नसलेली, तिथं जेवायचं ठरवलं. मी ओल्या चुन्यानं जमिनीवर गोल काढले, सहा सहा फुटांवर, एकूण आठ. ज्याचा डबा त्याचा. एका वेळी आठ जण, तीन पंगती. वाऱ्यानं भाजी गार होते आणि पाऊस तिरपा आला की पाठ भिजते. ओरडून बोलावं लागतं, पण लांबून.

तू म्हणालास तसंच झालं, दादा. गोल सुकले नव्हते तर शीतल सिस्टर आल्या. म्हणाल्या, आठच गोल आहेत, मग सफाईच्या मावश्यांनी आपलं पूर्वीसारखं जिन्याखाली जेवावं, तिथं नाहीतरी एकेकटंच बसतात, त्यांच्याच तब्येतीला चांगलं. बोलणं इतकं गोड की दोघी-तिघींनी मान डोलावली. आणि खोटं तरी काय होतं त्यात? मी एवढंच म्हटलं, चला, बघून येऊ. जिन्याखाली त्यांना घेऊन गेले. कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या तिथंच ठेवतात, वरून उतार, तिन्ही बाजूंनी भिंत. म्हटलं, सिस्टर, आपण खिडकी बंद होती म्हणून आजारी पडलो. इथं तर खिडकीच नाही. तुम्ही पाच मिनिटं बसून दाखवा. त्या बसल्या नाहीत. पण हो सुद्धा म्हणाल्या नाहीत. मेधा मॅडमनी शेवटी सांगितलं, शेडमध्ये जो आधी येईल त्याचा गोल, कुणाचं नाव नाही.

कृष्णाबाई सतरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. नवव्या दिवशी मला वाटलं गेल्या. आईचं दूध मी चमच्यानं पाजलं. बाराव्या दिवशी त्यांना नीट बसता आलं, तेव्हा मी सांगितलं. पंगतीचं, खिडकीचं, गप्प बसलेल्या दोन दिवसांचं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि तोंड भिंतीकडं केलं. पुढं चार दिवस माझ्या हातून औषध घेतलं, पण बोलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. आता ह्या बाई बऱ्या होऊन आल्या की स्वतःच जिन्याखाली जातील, आणि मी कुठल्या तोंडानं थांबवू?

त्या काल कामावर आल्या. हलकं काम दिलंय, कपड्यांच्या घड्या. लुगड्यात निम्म्या राहिल्यात. एक वाजता मी शेडच्या तोंडाशी उभी होते, पंगती मीच लावते. त्या डबा घेऊन आल्या. जिना डावीकडं, शेड उजवीकडं. त्या मध्येच थांबल्या. शीतल सिस्टर पण डबा घेऊन आल्या होत्या, आणखी सहा-सात जण होते.

कृष्णाबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, चार वर्सं मी जिन्याखाली येकलीच जेवले, मला साधं पडसं झालं न्हाई. तुमी पयल्या पंगतीला बसवलं आन् मी मरता मरता वाचले."

सगळ्यांसमोर बोलल्या. मी मान खाली घातली. खरं होतं ते. विचारलं, "मग आता कुठं बसता, मावशी?"

"पयल्या पंगतीलाच," म्हणाल्या, "आजारी पडून जागा घेतलीय मी."

आणि शेडमध्ये शिरून मधल्या गोलात मांडी घालून बसल्या, मास्क काढला, डबा उघडला. बाकीचे सात गोल भरले. शीतल सिस्टर दुसऱ्या पंगतीला थांबल्या.

सोनी